काळ्या पट्ट्यांची डीव्हीडी

मिलिंद,

तू गेलास हे मला अजून पटलेलं नाही. डॉक्टरांचा कागद मी स्वतः वाचला. दोनदा वाचला, वेळ बघितली, सही बघितली. बत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या फाइली बघितलेल्या बाईला कागद कळतो. पण पटलेलं नाही. गुरुवारी सकाळी तू नोएडात तुमच्या सोसायटीखाली दूध आणायला उतरलास, दूध घेतलंस आणि लिफ्टपर्यंत परत आलास. एवढंच. गार्ड सांगत होता की लिफ्ट आली, दार उघडलं, तर साहेब भिंतीला टेकून खाली बसलेले. दुधाची पिशवी फुटलीसुद्धा नव्हती.

तुझ्या बायकोचा, नंदाचा फोन आला तेव्हा ती 'ॲडमिट केलंय, तू ये' इतकंच म्हणाली. द्वारकेहून नोएडा म्हणजे दिल्लीचं एक टोक ते दुसरं टोक, त्यात सकाळची गर्दी. मी टॅक्सी केली. यमुनेच्या पुलापर्यंत मी मागच्या सीटवर बसून काय करत होते ते तुला सांगितलंच पाहिजे. येत्या रविवारी तुला द्यायचं उत्तर मनात जुळवत होते. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. म्हटलं, हॉस्पिटलात पडलाय तर आयता सापडलाय, उठून जाता येणार नाही. पुलावर ईशाचा फोन आला. तुझी लेक एरवी एका दमात दहा वाक्यं बोलते. ती नुसती 'काकू' म्हणाली आणि पुढे बोलेचना. मी तेव्हा तिसऱ्या मुद्द्यावर होते.

हे आपल्या दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या अंकात छापून येणार आहे. सेक्रेटरी कुलकर्णी म्हणाले, 'वहिनी, तुम्हीच लिहा, तुमच्याइतकं त्याच्याशी कोणी भांडलेलं नाही.' खरंच आहे ते. म्हणून भांडणाचा विषय आधी सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल दीर-भावजय इस्टेटीवरून भांडत होते.

सिनेमाचा पडदा आडवा, रुंद. जुना टीव्ही जवळजवळ चौकोनी. रुंद चित्र चौकोनात बसवायचे दोनच मार्ग होते. एक तर ते अख्खं दाखवायचं आणि वर-खाली काळ्या पट्ट्या सोसायच्या. ते वाइडस्क्रीन. नाहीतर चित्राच्या बाजू कापायच्या आणि टीव्ही काठोकाठ भरून टाकायचा. ते फुल स्क्रीन. माझा हा दीर नोएडाच्या एका व्हिडिओ कंपनीत नेमकं हे दुसरं काम करायचा. मशीनसमोर बसून प्रत्येक शॉटला ठरवायचा की चौकट डावीकडे ठेवायची, उजवीकडे ठेवायची, की शॉट चालू असतानाच हळूच इकडून तिकडे सरकवायची. तीन तासांच्या सिनेमाला महिना लागायचा. कॅसेटच्या खोक्यावर सगळ्यांची नावं असायची, त्याचं नसायचं.

आणि मी होते पट्ट्यांच्या बाजूची. मी तुला कात्रीवाला म्हणायचे. दिग्दर्शकाने एवढा पसारा मांडला तो काय तू अर्धा कापून फेकावास म्हणून? तू शांतपणे चहा ढवळत म्हणायचास, "वहिनी, लोकांकडे चौदा इंची टीव्ही आहे. त्यात तुझ्या पट्ट्या टाकल्या की माणसं मुंगीएवढी होतात. म्हाताऱ्या माणसाला हिरोइनचा चेहरा दिसायला नको?" मी म्हणायचे, "चष्मा लावावा." नंदा आतून म्हणायची, "चलो, सुरू झाले दोघं."

त्या सिनेमाचं नाव मी इथे लिहीत नाही. तुझ्या कंपनीतल्या कुणाला आता त्रास नको. माझं आणि श्रीकांतचं लग्न झालं त्या हिवाळ्यात आम्ही तो कॅनॉट प्लेसला पाहिला होता. तुझ्या दादाला सिनेमात झोप लागायची, पण ह्याला तो जागा होता. एका डोंगरगावी लांबलचक बाकावर नायक एका टोकाला बसलाय, नायिका दुसऱ्या टोकाला, आणि दोघं बोलत नाहीत. पडदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मध्ये नुसतं धुकं. श्रीकांत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "या दोघांच्या मध्ये आपलं अख्खं सरकारी क्वार्टर बसेल." मी इतकी हसले की पुढच्या बाईने वळून बघितलं.

श्रीकांत गेला तेव्हा मी बेचाळीसची होते. त्यानंतर पाच महिने मी बोलले नाही. ऑफिसात फाइलीपुरतं बोलायचे, घरी तेवढंही नाही. लोक यायचे, समजूत घालायचे, जायचे. तू दर रविवारी दोन बस बदलून यायचास, चहा करायचास, माझ्यासमोर कप ठेवायचास आणि पेपर वाचत बसायचास. समजूत तू एकदाही घातली नाहीस. एका रविवारी निघताना दारात विचारलंस, "काही आणू का?" मी म्हटलं, तो सिनेमा आण. आम्ही पाहिला होता तसा, रुंद. तुझा कापलेला नको.

महिनाभराने आणलास. खोकं नाही, चित्र नाही, डीव्हीडीवर नुसतं मार्करने लिहिलेलं नाव. म्हणालास, "सँपल आहे, बाजारात यायचीय अजून." लावली. वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी. आणि तो बाकाचा शॉट आला. नायकाचा चेहरा, मग चित्र हळू, अगदी हळू सरकत जातं, धुक्यातून, रिकाम्या बाकावरून, आणि शेवटी नायिकेपाशी येऊन थांबतं. मी रडले, आणि मग बोलायला लागले. तुला उठू दिलं नाही. श्रीकांतचा क्वार्टरचा विनोद सांगितला, मग म्हटलं, बघ, याला म्हणतात दिग्दर्शक. तो कॅमेरा सरकवणाऱ्याच्या हाताला काय सबुरी असेल. तुम्ही लोक असलं काही कापून टाकता, लाज वाटायला पाहिजे.

तू म्हणालास, "हो, हळू सरकतो खरा."

पुढची बावीस वर्षं ती डीव्हीडी माझा पुरावा होती. कुठेही वाद निघाला की मी ती काढायची. पाहुण्यांना दाखवायची. चित्र जरा भरड होतं, तर मी म्हणायची, फिल्मचा पोत असतो तो. चेहरे फार मोठे दिसायचे, तर म्हणायची, थिएटरात पुढे बसल्यासारखं वाटतं ना, तेच तर. बाजारात ती कधीच आली नाही, त्यावरूनही मी तुझ्या कंपनीची अक्कल काढली. एकदा म्हटलं, तुझी फुल स्क्रीनवाली आण, शेजारी-शेजारी लावून दाखवते काय काय कापलंयस. तू म्हणालास ती आता मिळत नाही. मी म्हटलं, बरंच झालं.

मग टीव्हीच रुंद झाले आणि तुझ्या मशीनला काम उरलं नाही. तुला सबटायटलच्या खात्यात बसवलं. मी त्या दिवशी, देवा, जिंकल्यासारखी वागले. पेढे आणले होते मी. पुढे जुन्या चौकोनी मालिका रुंद टीव्हीवर बसवण्यासाठी लोक वरून डोकी आणि खालून पाय कापायला लागले, तेव्हा आपलं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. दोघंही भडकलो. पाच मिनिटांनी, ही कापायची सवय मुळात कोणी लावली, यावरून पुन्हा जुंपली. ईशा म्हणाली, "बाबा, काकू, यार तुम्ही दोघं ना एक चॅनल काढा."

आता तू जायच्या आधीच्या सोमवारच्या फोनकडे यावं लागतं. इथपर्यंत मी बरी लिहीत होते.

मंडळाने मला बोलायला सांगितलं होतं. विषय, सिनेमा कसा पाहावा. द्वारकेच्या आमच्या सोसायटीचा हॉल, मोठा पडदा, आणि पुण्याहून सिनेमातले एक जाणकार पाहुणे. मी तुला उत्साहाने सांगितलं की बाकाचा शॉट दाखवणार आहे आणि त्यावर पंधरा मिनिटं बोलणार आहे. तू म्हणालास, "वहिनी, तो शॉट नको दाखवू."

"का?"

"त्याबद्दल एक सांगायचंय. फोनवर नको. रविवारी येतो."

मला वाटलं, तुला झोंबतंय. सगळ्यांसमोर तुझ्या कामाचे वाभाडे निघणार म्हणून. मी म्हटलं, "सांगायचं काय त्यात, मिलिंद? तुझा जन्म गेला दुसऱ्याचं चित्र कापण्यात. तुला ते दिसायचंच नाही."

तू म्हणालास, "बरं. रविवारी." आणि फोन ठेवलास. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी फोन केला नाही. म्हटलं, भांडण रविवारी पूर्ण करू.

तुझे दिवस होते म्हणून मी नंदाकडेच राहिले. नवव्या दिवशी ओमवीर आला. तुझ्याबरोबर वीस वर्षं त्याच खोलीत बसलेला, आता केस पांढरे झालेले. बराच वेळ हुंदके देत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला हिंदीत म्हटलं की तुमच्या कंपनीने एकच चांगलं काम केलं, त्या सिनेमाची वाइडस्क्रीन काढली, ती पण बाजारात आणली नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मग नंदाकडे बघितलं.

"भाभीजी, वो कंपनी ने कहाँ निकाली? वो तो भैया ने आपके लिए बनाई थी।"

मला कळलं नाही. तो सांगत गेला. तू महिनाभर गोदामं शोधलीस. रुंद प्रिंट कधीच कुजून गेली होती, डब्यात नुसता आंबूस वास उरला होता. उरली होती फक्त तुझी फुल स्क्रीनची टेप, जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या काळात तू स्वतः केलेली. मग सुट्टीच्या दिवशी कंपनीत जाऊन तू तेच कापलेलं चित्र घेतलंस, ते वरून आणि खालून आणखी कापलंस आणि तिथे काळ्या पट्ट्या लावल्यास.

"और वो बेंच वाला शॉट?" मी विचारलं. "उसमें कैमरा जो चलता है?"

"कैमरा तो हिलता ही नहीं उसमें, भाभीजी। दोनों एक ही फ्रेम में हैं, दोनों कोनों पर। टीवी में आते ही नहीं थे साथ में। भैया ने चलाया है वो। दो दिन लगाए थे। मैं बगल में बैठा था, बोलता था, काट दो यार, इधर से उधर। बोले, नहीं, काटेंगे तो बीच का सब चला जाएगा।"

मिलिंद, ओमवीर चहा न घेताच गेला असं नंदा म्हणते.

दुपारी ईशाने तुझं कपाट उघडलं. खालच्या खणात तुझे सगळे फुल स्क्रीन सिनेमे डीव्हीडीवर उतरवून ओळीने लावलेले, आणि त्यात तोही, 'आता मिळत नाही' तो. माझी डीव्हीडी मी भाषणाची तयारी करायची म्हणून पर्समध्येच ठेवली होती, ती काढली. ईशाने लॅपटॉपवर दोन्ही शेजारी-शेजारी लावले. मी बावीस वर्षं ज्याची धमकी देत होते तेच.

"काकू," ती म्हणाली, "बाजू तर बिल्कुल सेम आहेत. तुझ्यात उलट कमी दिसतंय. हे बघ, बाबांच्यात तिचे हात दिसतायत."

दिसत होते. नायिका मांडीवर हात ठेवून बसली होती आणि अंगठ्याने साडीचा काठ चुरगाळत होती. माझ्या डीव्हीडीत तिथे काळी पट्टी होती. आणि चित्र दोन्हीकडे सरकत होतं, एकाच गतीने, हळू. ती गती तुझ्या हाताची होती. सबुरी तुझी होती. मी ज्या हाताचं कौतुक करून तुला हिणवत होते, तो हात माझ्याच समोर बसून चहा ढवळत होता.

मला सर्वात मोठा धक्का कशाचा बसला सांगू? श्रीकांतच्या विनोदाचा. या दोघांच्या मध्ये आपलं क्वार्टर बसेल, हे तो कधी म्हणू शकला असता? दोघं एकाच वेळी पडद्यावर असतील तेव्हाच ना. मी तो विनोद दर वेळी सांगत होते आणि त्याच दमात सरकणाऱ्या कॅमेऱ्याचं गुणगान करत होते. शेकडो वेळा. बत्तीस वर्षं सोबतचे कागद ताडून बघितल्याशिवाय सही न करणारी बाई, आणि मला एकदाही दिसलं नाही की या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. तुला तर पहिल्याच दिवशी दिसलं असणार. तू काहीच बोलला नाहीस.

राग आला मला तुझा. आधी रागच आला. माझ्या आठवणीत तू तुझा शॉट घुसवलास. आता डोळे मिटले की त्या थिएटरात मला तुझंच चित्र सरकताना दिसतं, दोघं एकत्र दिसतच नाहीत. श्रीकांतचा विनोद नसता तर खरं काय होतं हे कळायला काही उरलंच नसतं.

नंदा स्वयंपाकघरात होती. मी दारात उभी राहून विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

ती पोळी उलटत म्हणाली, "तू त्या दिवशी दोन तास बोललीस, वहिनी. घरी येऊन तो म्हणाला, वहिनी बोलली. आता पट्ट्यांचा विषय कोणी काढायचा नाही."

"तेव्हा ठीक आहे. नंतर? बावीस वर्षं?"

"नंतर त्याला ते आवडायला लागलं," नंदा म्हणाली. "तू तो शॉट वाखाणलास की घरी येऊन सांगायचा. आज परत म्हणाली, काय सबुरी असेल. त्याच्या कामाला दुसरं कोणी कधी काय म्हटलं होतं?"

मग मी तो प्रश्न विचारला, जो नऊ दिवस विचारायची माझी हिंमत होत नव्हती. सोमवारी माझ्याशी बोलून फोन ठेवल्यावर तू काय म्हणालास. मला वाटलं होतं ती म्हणेल, तुला वाईट वाटलं, किंवा तू हसण्यावारी नेलंस. नंदाने गॅस बंद केला.

"म्हणाला, पुण्याचा माणूस सगळ्यांसमोर बोलून बसेल, त्याआधी तिला सांगायला हवं. तीन दिवस तेच चाललं होतं त्याचं. मला विचारत होता, वहिनी मला माफ करेल का."

मिलिंद, माफी तू मागणार होतास. माझी. जन्म कापण्यात गेला, असं मी म्हटल्यावर.

मंडळाचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात होईल. मी कुलकर्ण्यांना सांगितलंय की तोच शॉट दाखवणार, पण तुझ्या टेपमधला, हातांसकट. आणि उभी राहून सांगणार की हे चित्र मिलिंदने सरकवलंय. पुण्याच्या पाहुण्यांना हसायचं तर हसू दे.

पण लोकांना सांगणं सोपं आहे. तुला सांगायचं ते राहिलं. मी चुकले. शेवटच्या फोनवर चुकले आणि त्याआधीही वर्षानुवर्षं चुकत होते. तू समोर असतास तर हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं, ते तुलाही ठाऊक आहे. रविवारी तू आला असतास, घाबरत घाबरत सगळं सांगितलं असतंस, मी आधी भडकले असते, मग गप्प झाले असते, आणि तरी शेवटी काहीतरी मुद्दा काढलाच असता. म्हटलं असतं, एवढी सबुरी होती तर हात कशाला कापलेस तिचे? तू हसला असतास. मी चहा टाकला असता.

मला तो रविवार हवाय.